ओमुरकुल घोड्यावर बसतो

"किरगिझ माणूस घोड्यावर जन्मतो, घोड्यावर जगतो आणि जमलं तर घोड्यावरच मरतो!" ओमुरकुलने साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, टोपी सारखी केली आणि डावा पाय रिकिबीत घातला. अबलख घोडा शांतपणे बाजूला सरकला. जगण्यामरण्याचा प्रश्न तूर्त तहकूब ठेवून ओमुरकुल एका पायावर उड्या मारत त्याच्यामागून गेला आणि डबक्यापाशी थांबला.

उन्हाळी कुरणाकडे निघायचा दिवस. मेंढ्या गावाबाहेर ताटकळत होत्या, तंबू लॉरीत चढला होता. दरवर्षी सगळ्यांच्या पुढे ओमुरकुल घोड्यावर असे. यंदा गुडघा कुरकुरत होता, म्हणून मुलाने, तिलेकने, लॉरीत चूल आणि कोंबड्यांचं खुराडं यांच्यामध्ये एक गादी अंथरली होती. गादी मऊ होती, आणि अपमान नेमका तोच होता.

"अता," तिलेकने बापाला विनवलं, "या ना लॉरीतून. वारासुद्धा लागणार नाही."

"कोंबड्यांबरोबर?"

"त्यांची काही हरकत नाही."

ओमुरकुलने पुन्हा पाय घातला, घोडा पुन्हा सरकला. पुढच्या खेपेला तर पाय उचललेला बघूनच सरकला.

"बिघडलाय हा. दृष्ट लागलीय याला."

शेजारच्या जोलदोशने ताबडतोब एक धुमसती फांदी आणून घोड्याच्या तोंडापुढून ओवाळली. घोडा शिंकला, ओमुरकुलला ठसका लागला. दृष्ट नक्की कोणाची निघाली ते कळलं नाही.

"लगाम मी धरू का, दाजी?" जोलदोशने अदबीने विचारलं.

"माझा घोडा तू धरायचास तर लॉरी काय वाईट? निदान तिला कोणी धरावं लागत नाही!"

तेवढ्यात ओमुरकुलची बायको सायराकन किटली लॉरीत ठेवून आली. तिने लगाम घेतला, झगा सावरला आणि वर बसली. घोडा खांबासारखा उभा.

"घोडा ठणठणीत आहे," ती वरूनच म्हणाली. "तुमच्या बुटाचं टोक त्याच्या बरगडीत घुसतंय. वर खोगिराला असे लोंबकळता, जसा ओला गालिचा वाळत घातलाय. मी असते तर लाथच घातली असती."

"इतकी वर्षं असाच चढतोय मी!"

"तेव्हा चढत होतात. आता घोड्याला खाली ओढता."

जोलदोशला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

सायराकनने उतरून घोडा कोरड्या पाटात उभा केला आणि नवऱ्याला काठावर. घोडा आपसूक वीतभर बुटका झाला.

"टोक पुढे करा, त्याच्या कानाकडे. आयाळ मुठीत घ्या. आणि तोंड बंद."

तोंड बंद ठेवणंच सगळ्यात जड गेलं. पण ओमुरकुलने श्वास घेतला, अंग झोकलं आणि गपकन खोगिरात बसला. घोड्याने एक कान तेवढा हलवला.

वर गेल्याबरोबर ओमुरकुलचं वय उतरलं. "बघितलंस, तिलेक? मालक कोण ते जनावराला कळावं लागतं!"

तिलेकने गादी गुंडाळली. कोंबड्या ऐसपैस झाल्या.

ओमुरकुल ऐटीत चार पावलं पुढे गेला. मग त्याने घोडा थांबवला, मागे वळवला आणि लॉरीत चढणाऱ्या सायराकनपाशी वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"अगं, संध्याकाळी उतरताना तेवढी जवळपास राहा."