सोड म्हणलं तर काय सोडायचं

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. शेपूट शोधू नका, ती नाही. मी गवत खात नाही, खिंकाळत नाही आणि आयुष्यात एकदाही धावलेलो नाही. दोन शिड्या वरच्या टोकाला बिजागरीनं जोडल्या की रंगारी आणि वायरमन त्याला घोडा म्हणतात. माझ्यावर चढून माणसं छतापर्यंत पोहोचतात. बरीचशी परतही येतात.

माझा जन्म अजिंठ्याचा. सांडूमिस्त्रींनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. शेवटी माझ्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये त्यांनी एक जाड दोरी बांधली. बिजागरी दोन शिड्यांना जोडते, पण पाय फाकायला लागले की आवरते ती दोरीच. गाठ मारताना मिस्त्री माझ्या दोन्ही बाजूंना म्हणाले, "आता भांडा किती भांडायचं ते. लांब जाता यायचं नाय."

मग त्यांनी मला टेम्पोत घातलं आणि पुंडलिकनगरला नानासाहेबांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला भेट म्हणून आणलं. बाकीच्यांनी घड्याळं आणली होती. मिस्त्रींनी घोडा आणला, कारण त्यांनी नानासाहेबांना लहानपणी खिळा ठोकताना पाहिलं होतं. या घराला सतत दुरुस्ती लागणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

नानासाहेब चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना पाने दिले, स्वतः एकही फिरवला नाही. त्यामुळं त्यांच्या मनात पान्याबद्दल फार आदर होता. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई शाळेत शिकवायच्या. नानासाहेबांनी माझ्यावर चढायचं आणि बाईंनी खाली मला धरून सूचना द्यायच्या, अशी कामाची वाटणी होती.

मित्रांनो, या दोघांनी मिळून जे केलं ते पाहून मी आजही थक्क होतो. त्यांनी जोडलेला पंखा उलटा फिरला आणि उन्हाळाभर छताला वारा घालत राहिला. त्यांनी बसवलेल्या फळीवर साखरेचा डबा ठेवला की तो हळूहळू मिठाकडं निघायचा. दारावरची बेल दुरुस्त झाल्यापासून बटण दाबलं की स्वयंपाकघरातला बल्ब पेटतो. "आवाज नाय, गडबड नाय," नानासाहेब अभिमानानं म्हणाले. "झोपलेल्याची झोप मोडत नाय." बाईंनीही कौतुकानं मान हलवली. तेव्हापासून पाहुणा आला की बाई म्हणतात, "उजेड पडला, कोण आलंय बघा."

हे माझे वैभवाचे दिवस होते. मग नानासाहेब निवृत्त झाले, त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी गच्चीवर गेलो. उन्हात माझे पाय तडकले. शेजारच्या भागूबाई माझ्यावर गोधड्या वाळत घालू लागल्या. मी सोसलं. पण एका वादळात कूलर हलायला लागला, तेव्हा नानासाहेब वर आले आणि माझी दोरी कापून घेऊन गेले. कूलर बांधला गेला. मी मोकळा झालो. ते काही चांगलं नव्हतं.

आता आमच्याकडच्या पाण्याचं सांगतो. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो. सत्यभामाबाई पाण्याला सोन्यासारखं जपतात. तांदळाचं धुवण भाजीला, भाजीचं धुवण तुळशीला. पाहुण्यानं अर्धा पेला तसाच ठेवला तर त्या पाहुण्याकडं नव्हे, पेल्याकडं बघतात. आणि ज्या दिवशी नळ येणार, नेमका त्याच सकाळी गच्चीवरच्या टाकीत जाणारा पाइप तुटला. पाइप जोडला नाही तर आठवडाभराचं पाणी हातचं जाणार होतं.

"प्लंबरला बोलवा," बाई म्हणाल्या.

"तो संध्याकाळी येतो म्हणतोय. नळ थांबणार हाय का त्याच्यासाठी?"

"मग आपणच करू," बाई म्हणाल्या, आणि दोघांचे चेहरे उजळले.

फार दिवसांनी मी टाकीखाली उभा राहिलो. माझी दोरी नाही, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. बाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, म्हणून मी तरलो. नानासाहेब वर चढले. त्यांनी पाइप टाकीत घातला, फडकं गुंडाळलं, सुतळी बांधली आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "सोड."

बाईंनी मला सोडलं.

"अगं, सोड म्हणलं ना."

"सोडलंय की कधीच."

"पाणी सोड. कॉक उघड."

"मग तसं बोला ना," म्हणत बाईंनी वळून कॉक उघडला. पाणी जोरात चढलं, पाइपानं उसळी घेतली, नानासाहेब त्याला धरायला वाकले आणि माझे पाय दोन दिशांना निघाले. त्यांना आवरायला ना दोरी होती, ना हात. मी गच्चीवर सपाट पडलो. नानासाहेब टाकीच्या काठाला लोंबकळत राहिले. पाइप सुटला आणि आठवड्याचं पाणी गच्चीभर सांडू लागलं.

बाई धावल्या. नानासाहेबांचे दोन्ही पाय त्यांनी स्वतःच्या खांद्यांवर घेतले आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. उघडा कॉक दोनच पावलांवर होता.

"अगं, पाणी चाललंय. जा, कॉक बंद कर. मी धरलंय घट्ट."

"गप बसा."

"आठवडाभर काय करशील?"

"गप बसा म्हणलं ना. खाली बघू नका."

पाणी पन्हाळातून धो धो खाली जात होतं. भाजीचं धुवण तुळशीला घालणाऱ्या त्या बाईनं त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही. त्यांचे खांदे थरथरत होते, पण हलले नाहीत. मी बाभळीचा आहे. एवढं वजन मलाही जड जातं. मी पडल्या पडल्या बघत राहिलो.

शेजारच्या गच्चीवरून भागूबाईंनी विचारलं, "काय चाललंय हो, सत्यभामाबाई?"

"दुरुस्ती."

भागूबाईंनी कठडा ओलांडला, आधी कॉक बंद केला आणि मग मला उभं केलं. पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत हाच क्रम असतो.

नानासाहेब खाली उतरले. दोघं भिजलेल्या गच्चीवर पाय पसरून बसले.

"इतकी वर्षं किती वेळा म्हणलो, सोड हा विषय, सोड ते भांडण. कधी सोडलं नाय. आज बरं लगेच ऐकलं."

"पाणी सोडलं ना," बाई हळूच म्हणाल्या.

नानासाहेबांनी बाईंच्या खांद्यावरचा चिखल आपल्या ओल्या टॉवेलनं पुसला. तो आणखी पसरला. ही त्यांची त्या दिवसाची शेवटची दुरुस्ती.

मग त्यांची नजर माझ्याकडं वळली. "याला आता भंगारात देऊ," ते म्हणाले. माझी बिजागरी गार पडली.

"त्याचा काय दोष? दोरी कुणी कापली त्याची?"

नानासाहेब उठले, खाली गेले आणि कूलरची दोरी सोडून घेऊन आले. एक गाठ त्यांनी मारली, एक बाईंनी. दोघांनाही दुसऱ्याची गाठ ढिली वाटली, म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याच्या गाठीवर आपली गाठ मारली. आता ती दोरी कुणाच्या बापालाही सुटायची नाही.

आता मी खाली, स्वयंपाकघराशेजारी सावलीत असतो. त्या संध्याकाळी तिथला बल्ब पेटला. भागूबाई भरलेली कळशी घेऊन दारात उभ्या होत्या.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूची दोरी कापून नेऊ नका, ती कशाला बांधली होती ते आधी बघा. आणि वर चढलेला माणूस "सोड" म्हणाला, तर काय सोडायचं ते नीट विचारून घ्या. सत्यभामाबाईंनी एकदा विचारलं नाही आणि मला सोडलं. दुसऱ्या वेळी, पाणी वाहून चाललं तेव्हा, त्यांना विचारावं लागलं नाही.