शेवटच्या कडव्यातलं नाव

रेकॉर्डिंगवाल्या पिंटूभाऊने काचेच्या खोलीत उभं करून कानावर हेडफोन चढवला, तेव्हाच तुळसाबाई दमली होती. नात दीपमाला तिला नेरहून सकाळच्या एसटीने यवतमाळला घेऊन आली होती. तुळसाबाईच्या नवऱ्याचं, पंजाबरावांचं, कापसाचं गाणं सीडीवर यायचं होतं. त्या साली भाव नसल्याने कापूस घरोघरी पडून होता, आणि विसरलेलं ते गाणं पुन्हा सगळ्यांना हवं झालं होतं.

शब्द पंजाबरावांचे, चाल मात्र सिनेमाची. गावात तंबूचा सिनेमा आला की ते कनातीबाहेर बसून चाल कानात भरून आणायचे आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे. गावोगाव गाणाऱ्या त्यांच्या गायन पार्टीचा रिवाजच तो. चाल कोणाचीही असो, शेवटच्या कडव्यात आपलं नाव घातलं की गाणं आपलं. नाव आलं की ढोलकी थांबायची, पंजाबराव हात वर करायचे आणि मागचे सगळे साथीदार ते नाव घोळून घोळून म्हणायचे. पुढे ते गेले, पार्टी मोडली. नाव उरलं ते त्या कडव्यात.

"मावशी, थे चाल नाही चालत," पिंटूभाऊ म्हणाला. "जयंतीत म्हना, कोनी आडवत नाही. पन सीडी इकायची म्हनलं का चालीच्या मालकाची परवानगी पाह्यजे. थो मुंबईले. आपल्याले कोन देते?"

"इतक्या वर्षांत नाही आला थो चाल मांगायले."

"आता येते. आता सारे वकील ठेवून राह्यले."

दीपमाला म्हणाली, "आजी, कापूस वेचताना बाया म्हनतेत, थ्या चालीवर म्हन. तिचा कोनी मालक नाही."

कडवी बसली, जरा ओढूनताणून. पण शेवटच्या कडव्याशी आलं की तुळसाबाई आपोआप जुन्या चालीवर जायची. पिंटूभाऊ थांबवायचा, पुन्हा सुरू करायचा.

"मावशी, पुन्हा तिकडंच गेल्या तुमी."

"मी नाही जात बापा, गळाच जाते."

"थे कडवं सोडून देऊ, आजी," दीपमाला कंटाळून म्हणाली. "आजोबाचं नाव कव्हरवर छापून राह्यले ना."

"कव्हर कोन वाचते व? लोक ट्रॅक्टरवर लावतेत गानं."

तुळसाबाई स्टुलावर बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "नुसतं बोललं तं? बोलायले तं मालक नाही ना लागत?"

पिंटूभाऊने डोकं खाजवलं. "बोला."

हेडफोनमधली ढोलकी थांबली. तलाठ्यासमोर मयताचं नाव सांगावं तशा सपाट आवाजात तिने म्हटलं,

"काटा त्याचा, भाव त्याचा, कापूस तेवढा आमचा;
पंजाब म्हणे, सांग बाजारा, वाटा कुठं या घामाचा?"

आणि ती सवयीने थांबली. हेडफोनमध्ये काहीच आलं नाही.

"झालं, मावशी. बंद करू?"

"थांब. इथं मागचे म्हनतेत."

"कोन मागचे?"

तिने काचेतून दीपमालाकडे पाहिलं. पोरगी मोबाईलवर गाडीची वेळ विचारत होती.

"कोनी नाही," तुळसाबाई म्हणाली. "तेवढी जागा राहू दे रिकामी. मंग कर बंद."