चष्मेवाल्यांचं उलटं भाकीत

चष्मेवाल्यांनी भाकीत करावं आणि ते साफ आपटावं, हा त्या घरातला नियमच होऊन बसला होता. ते म्हणाले, "आज पाऊस नाही," की बायको निमूटपणे छत्री काढायची. शेजारचं दुकान वर्षभर टिकणार नाही असं ते ठासून म्हणाले, तर त्या पठ्ठ्याने दुसरी शाखा काढली. लोकांना दूरचं नीट दिसावं म्हणून जन्मभर काचा घासल्या, आणि स्वतःला उद्याचं काही म्हणता काही दिसू नये! आता याला काय म्हणावं? लेक म्हणायची, "बाबांची जीभ काळी नाहीये गं आई, उलटी आहे. वापरता आली की झालं."

वापरायची वेळ आलीच. चष्मेवाल्यांचा जावई हेवीवेट बॉक्सर. दुकानात शिरला की आधी खांदा आत येणार, मग बाकीचा ऐवज. रविवारी दुपारी त्याची शिडीबरोबर पुन्हा लढत होती. शिडी हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी, उंचीवरून पडलेलं नाव. हौशी स्पर्धांपासून दोघं एकमेकांची नाकं फोडत आले होते. तिथली अंतिम फेरी शिडीने मारली. पुढे दोघं व्यावसायिक झाले, तेव्हाची पहिली लढतही शिडीनेच, गुणांवर. आता ही तरी जिंकू दे म्हणून लेक देव पाण्यात घालून बसली होती.

शुक्रवारी ती तरातरा दुकानात आली. "बाबा, आज जेवताना तो तुम्हाला विचारणार, कोण जिंकेल म्हणून. शिडीचं नाव घ्यायचं. कळलं?"

"अगं, पण मला खरंच वाटतं की..."

"तुम्हाला काय वाटतं ते मनातसुद्धा आणू नका!"

वाटत मात्र बरंच होतं. शिडीचे पाय हल्ली उत्तरार्धात जड होतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. जावई पूर्वी नुसता तोंडावर धावून जायचा, आता पोटावर मारायला शिकला होता. आणि सुट्टीच्या दिवशी हाच गडी दुकानात बसून, त्या केळ्याएवढ्या बोटांनी फ्रेमचे मुंगीएवढे स्क्रू बसवायचा. एवढा धीर असलेला माणूस घाई करून हरणार नाही, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. पण विचारतंय कोण!

संध्याकाळी जेवताना जावयाने विचारलंच. "बाबा, खरं सांगा. कोण जिंकेल?"

टेबलाखालून लेकीने लाथ घातली. समोरून बायकोने डोळे वटारले.

"शिडी," चष्मेवाले म्हणाले. "त्याच्या डाव्या हाताला तोड नाही."

बायकोने खुशीत त्यांच्या ताटात आणखी वाढलं. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. जावईही हसला, पण त्याचा घास ताटातच राहिला. "तुम्हाला पहिल्यापासून शिडीच आवडायचा," तो म्हणाला.

चष्मेवाल्यांना ते वाक्य काही पचेना. खोटं नव्हतंच ते. हौशी लढतींना पहिल्या रांगेत बसून "काय तो डावा हात!" असं ओरडणारे हेच. लेकीने लग्नाचं सांगितलं तेव्हा "त्यातल्या त्यात जिंकणारा तरी निवडायचास," असं बोलून बसलेलेही हेच. तेव्हाही जावई असाच हसला होता. माणूस हसला म्हणजे त्याला लागलं नाही, असं समजण्याइतके आपण बैल कसे, असं वाटून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सभागृहात घरची मंडळी खुर्च्या शोधत असताना हे गुपचूप सटकले. "प्रशिक्षकांचा चष्मा द्यायचाय," अशी दारावरच्या माणसाला थाप मारून खेळाडूंच्या खोलीत शिरले. जावई बाकावर बसून हातांना पट्ट्या बांधून घेत होता.

"परवा मी खोटं बोललो," चष्मेवाले म्हणाले. आजवरचं अहोजाहो कुठल्या कुठे गळून पडलं. "तू जिंकणार. पोटावर मार, धीर सोडू नकोस. तुझ्याइतका चांगला लढणारा मी पाहिला नाही. शिडी गेला खड्ड्यात."

जावयाने पट्टीचा हात मागे घेतला. "घरी कळलं तर?"

"उपाशी ठेवतील. ठेवू देत."

जावई लढला, वाघासारखा लढला. शिडीचे पाय खरोखरच जड झाले, पोटावरच्या ठोशांनी तो दोनदा वाकला. सगळं सभागृह उभं राहिलं, चष्मेवाले तर खुर्चीवरच चढले. लढत शेवटच्या घंटेपर्यंत गेली. पंचांनी गुण मोजले आणि हात वर केला तो शिडीचा. अगदी थोडक्यात.

खोलीत जावयाचा एक डोळा बंद झाला होता, ओठ सुजला होता. लेक त्याला बर्फ लावत होती. अचानक तिने मान वळवली. "बाबा, खरं सांगा. तुम्ही याला काही बोललात?"

चष्मेवाले खाली वाकून जावयाचे बूट सरळ ठेवायला लागले.

"अहो!" बायकोने कपाळाला हात लावला. "एक दिवस, एक दिवस तोंड बंद ठेवता येत नाही तुम्हाला?"

"आई, त्यांना बोलू नका," जावई सुजल्या ओठांनी म्हणाला. "शिडीला आजवर कितीदा तरी ऐकवलंय मी, की तुझ्याकडून हरलो त्याचं काही नाही, पण माझा सासरा तुझ्या बाजूचा आहे ते जिव्हारी लागतं. आज रिंगमध्ये त्याला सांगितलं, आता नाही म्हणून."

चष्मेवाल्यांचा चष्मा धुरकटला. काढून पुसायचंही त्यांना सुचेना. "पुढच्या वेळी," ते म्हणाले, "पुढच्या वेळी तू नक्की..."

लेकीने झडप घालून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. जावयाने पट्ट्या बांधलेल्या हाताने तो हळूच बाजूला केला.

"बोलू दे गं त्यांना," तो म्हणाला.