राणीसाहेब गाऊनवर

अभिप्राय वही, पान पहिलं.

१. "हे चित्र आहे की चेष्टा? राणीसाहेबांच्या अंगावर गाऊन! नऊवारी कुठे गेली? — पद्माकर, सचिव."

(मी खाली लिहिलं: दोरीवर वाळतेय. मग खोडलं.)

२. "नथ नाही, कुंकू नाही, हातात तेलाची वाटी. आमच्या कामवालीला बसवून काढलंय का? — कल्पना."

(मी: पाठवा तिला, तिचंही काढते. हे खोडलं नाही.)

३. "रंग छान. बघून मात्र कसंतरी झालं. — गुरुप्रसाद."

४. "हिरणकोटच्या गादीचा अपमान! चित्रकार बाई निपाणीची आहे म्हणे. माहेरी तोंड कसं दाखवणार? — एक मराठी माणूस."

चौथ्याला नाव नाही. पण शाई हिरवी आहे. पहिल्याचीही हिरवी. पद्माकर सरकारी कारखान्यातून मोठे साहेब म्हणून निवृत्त झाले, हिरवं पेन काही सुटलं नाही.

थांबा. आधीचं सांगते, नाहीतर मी नुसतीच ओरडत बसेन.

बंगळुरूत मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी मंडळाला जागा दिली हिरणकोट संस्थानानं. यंदा पंचाहत्तर वर्षं झाली, म्हणून सभागृहात राणीसाहेबांचं चित्र हवं. मला एक जुना फोटो दिला: एकोणीस वर्षांची नवरी, चेहऱ्यापेक्षा नथ मोठी. याहून बरा फोटो मिळतो का म्हणून मी शोधत शोधत त्यांच्या भाच्यापर्यंत गेले. अभिजीत, महादेवपुऱ्यात नोकरीला. तो म्हणाला, "फोटो कशाला? आत्याला फोन लावून देतो ना."

चंपाराजे. वय शहाऐंशी. जे. पी. नगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.

मला वाटलं, त्या इथेच राहतात हे मंडळाला माहीत असणार. मंडळाला वाटलं, मला बरा फोटो मिळाला.

त्या निळ्या फुलांच्या गाऊनमध्ये बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. मी नऊवारीचं विचारलं. म्हणाल्या, "त्या नथीतल्या पोरीला मी ओळखत नाही. जन्मभर तिलाच भिंतीवर टांगलंय. काढायची तर ही काढ, गुडघ्यासकट. आणि कोणी काही म्हणालं तरी पुसायचं नाही. शब्द दे."

दिला.

गुरुवारी चित्र लागलं. शुक्रवारी वहीचं पहिलं पान भरलं. शनिवारी मंडळाच्या गुरुप्रसादचा फोन.

"अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा ना. एक शाल रंगवा फक्त."

"कुठून कुठवर?"

"खांद्यापासून... पायापर्यंत."

"त्याला शाल नाही म्हणत, गुरुप्रसाद."

"सरी, ठीक आहे, पण रविवारी पाहुणे येणार. नाहीतर चित्र उतरवायचं असं पद्माकर सर म्हणतात."

रविवारी सकाळी मी पोचले तर चित्र भिंतीवरच होतं. वर चंदनाचा हार. मनगटाएवढा जाड, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. गाऊन गेला, तेलाची वाटी गेली.

"हे कोणी केलं?"

"मी," कल्पनाताई म्हणाल्या. "अगं, भिंतीवरच्या अकराही जणांना हार आहे. यांना एकट्यांना नको? झाकलंही गेलं."

"ताई, त्या जिवंत आहेत."

त्या हसल्या. "काहीतरीच तुझं! संस्थानं जाऊन किती वर्षं झाली."

हार ओढून तोडला असता, मणी अख्ख्या सभागृहात उधळले असते. तेवढ्यासाठी अजूनही जीव तडफडतो. पण मी फोन लावला.

"राणीसाहेब, त्यांनी तुम्हाला चंदनाचा हार घातलाय."

पलीकडे तेलाची वाटी ठेवल्याचा आवाज. मग, "पत्ता पाठव."

तासाभरानं दारात रिक्षा थांबली. अभिजीतनं हात दिला. काठी, स्वेटर आणि तोच निळ्या फुलांचा गाऊन.

दारात पद्माकर. "अज्जी, आज फक्त सभासदांचा कार्यक्रम आहे. नंतर या."

त्या काठी टेकत पुढे आल्या. पद्माकरांनी गाऊन पाहिला. वळून भिंत पाहिली. आणि वाकले! ज्या पायांवर शाल हवी होती, त्याच पायांवर!

राणीसाहेबांनी पाय मागे घेतला. "आधी हार काढा. मी अजून दोन वेळा जेवते."

कल्पनाताईंनीच स्टुलावर चढून हार काढला. चित्राखाली प्लास्टिकची खुर्ची आली. राणीसाहेब बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून. पाहुणे मोबाइल काढायला लागले, कोणीतरी "वा, हुबेहूब!" म्हणालं. माझं डोकं आणखीच तापलं. शुक्रवारी कुठे होता हा?

"वही आहे ना?" त्या म्हणाल्या. "मी चष्मा विसरले. ज्यानं लिहिलं, त्यानंच वाचायचं."

"आम्हाला ठाऊक नव्हतं हो, म्हणजे..." कल्पनाताई.

"वाचा."

कल्पनाताई 'कामवाली'पाशी पुटपुटल्या.

"मोठ्यानं. ऐकू कमी येतं."

त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"तिचं नाव काय?"

"कोणाचं?"

"तुमच्या कामवालीचं."

"भाग्यलक्ष्मी."

"हं. पुढचा."

गुरुप्रसादनं आपली ओळ एका दमात वाचली आणि खांबामागे जाऊन उभा राहिला. पद्माकरांनी पहिली ओळ वाचली, 'नऊवारी'वर खोकले, वही मिटायला लागले.

"संपली?"

"एक आहे अजून. पण नाव नाही खाली. कोणाचं आहे, कळत नाही."

गुरुप्रसाद खांबाकडे बघत होता. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे ते गिळणार होते.

मी पुढे गेले. पद्माकरांच्या खिशातलं हिरवं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि उघड्या पानावर, चौथ्या ओळीच्या शेजारी ठेवलं.

राणीसाहेब थोड्या पुढे वाकल्या, कानामागे हात धरला.

"हिरणकोटच्या..." पद्माकर वाचू लागले.

"मोठ्यानं," मी म्हणाले.