अर्ध्या वाटेवरची सायकल

ते साल १९७६चं. दिवाळी होऊन सिंदीतली कापसाची जिन सुरू झाली होती. सकाळी नवऱ्याच्या भाकरीचा डबा पदराखाली धरून भागीरथा हिवऱ्याहून निघाली आणि नाल्यावरच्या मोरीपाशी येऊन थांबली. रोज तिच्या आधी येऊन कठड्यावर बसणारा रूपराव आज तिथं नव्हता. सिंदीकडून येणारी सडक रिकामी होती. थांबून राहिलं तर उशीर झाला असता, म्हणून ती तशीच पुढे चालत राहिली. बाभळीचं बन मागे पडलं, तेव्हा कुठे सायकलच्या मडगार्डचा खडखडाट ऐकू आला.

"काऊन जी, आज इकडेच भेटले?"

"हवा तोंडावर होती," रूपराव खाली उतरत म्हणाला.

भागीरथेचा पदर काही हलत नव्हता. पण बोलायला वेळ नव्हता. तिनं डबा त्याच्या हातात दिला, नऊवारीचा काष्टा नीट केला, दांडीवरून पाय टाकला आणि निघाली.

नवरा-बायकोत ही एकच सायकल होती. रूपराव स्टेशनामागच्या जिनमध्ये रातपाळीला आणि भागीरथा सिंदीच्याच दवाखान्यात आया म्हणून दिवसाला. त्याची पाळी सुटायची आणि तिची लागायची, यांत तासाभराचंच अंतर. त्यानं घरापर्यंत सायकल आणावी आणि मग तिनं न्यावी, एवढा वेळ मिळत नसे. म्हणून तो सिंदीहून सायकलीवर निघे, ती हिवऱ्याहून पायी निघे, आणि जिथं गाठ पडेल तिथं सायकल हात बदले. मग ती सायकलीवर दवाखान्यात आणि तो पायी घरी. संध्याकाळी उलटं. एसटी होती, पण दोघांचं जाणं-येणं एसटीनं करायचं म्हणजे एकाचा पगार कंडक्टरच्याच हातात देण्यासारखं होतं.

सायकल पुरुषी, जुनी घेतलेली. सीट भागीरथेच्या बेतानं खाली बसवलेलं. रूपराव उंच माणूस; त्याचे गुडघे दोन्हीकडे टोळासारखे बाहेर येत. रोज दोनदा सीट वर-खाली करायचं तर पाना जवळ ठेवावा लागला असता, आणि नटाचे आटेही गेले असते. "तुले पाय पुरले पायजे," तो म्हणे. "मी कसाबी बसतो."

लाकडाची गाडी घेऊन जाणारा सोनबा त्यांना मोरीवर पाहिलं की हटकून बैल हळू करी.

"काय रूपराव, बायकोले भेटाले सडकच भेटली का तुले?"

"तुयी बायको तुले घरीबी भेटत नाई, सोनबा."

"हे मातर खरं बोलला बापा!" म्हणून सोनबा शेपट्या पिळे.

भागीरथा त्या वेळी पाठ फिरवून उभी राही. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. पण गाडी पुढे गेली की ती पदर तोंडाशी धरून हसे.

घरी सासू, मनकर्णाबाई, वेगळंच म्हणत. "जिन सुरू झाली का मायं पोरगं आन् सून सडकेवर नांदतात. सडकेवर नांदून का पाळणा हालते, व माय?" त्या चिडून म्हणत, पण सुनेसाठी चुलीवर पाणी तापवूनही ठेवत.

दोघांचं सगळं लक्ष त्या हंगामावर होतं. जिनची रीत अशी, की लागोपाठ तीन हंगाम ज्यानं नीट काढले त्याला कायम करायचं, आणि कायम झालेल्याला मागच्या चाळीत एक खोली द्यायची. रूपरावचा हा तिसरा हंगाम. खोली मिळाली की मनकर्णाबाईंना घेऊन सिंदीत राहायचं. सायकल मग बाजारहाटाला. भागीरथेनं ती चाळ येता-जाता पाहून ठेवली होती. न्हाणीची मोरी प्रत्येक खोलीला वेगळी होती. चूल कुठे ठेवायची हेही तिनं मनात ठरवलं होतं.

त्या दिवसानंतर गाठ पडण्याची जागा सिंदीकडे सरकू लागली. कधी बाभळीच्या बनात, कधी बनाच्याही पुढे विटांच्या भट्टीपाशी. भागीरथेला पायी जास्त चालावं लागे आणि दवाखान्यात पोचायला उशीर होई. सिस्टर सुलोचनाबाई घड्याळाकडे पाहत आणि तिच्या हातात बादली देत. ते घड्याळाकडे पाहणंच तिला लागे.

"अजी, सायकल जड जाऊन राह्यली का?" एके सकाळी तिनं विचारलं.

रूपराव कठडा नसलेल्या त्या जागी मैलाच्या दगडावर बसला होता. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागला.

"हो, जडच जाते. चेन गंजली वाटते."

भागीरथेला ते पटलं. जुनी सायकल, वर्षभर धुळीतली. तिनं त्याच दिवशी दुपारच्या सुटीत स्टेशनरोडवरच्या मिस्त्रीकडून चाकांत तेल घालून घेतलं. तरी जागा सरकतच राहिली. मग तिनं चेन बदलली. पुढच्या पगाराला मागच्या चाकाचे छर्रेही नवे टाकले. मिस्त्री म्हणाला, "बाई, चाक तर लोण्यासारखं फिरून राह्यलं." ती म्हणाली, "फिरत असंल, पण माणसाले जड जाते ना!"

आणि संक्रांतीनंतर फरक पडला. गाठ पुन्हा बनाच्या अलीकडे पडू लागली, मग मोरीवर. एक दिवस तर ती मोरीपर्यंत पोचायच्या आतच रूपराव समोरून आला. भागीरथेला इतकं बरं वाटलं, की तिनं सोनबाची गाडी मागून येते आहे हेही पाहिलं नाही.

"पाह्यलं? छर्रेच गेलते! मी म्हणत नव्हती?"

"तुयंच खरं," रूपराव म्हणाला. "पाखरावानी चालते आता." डबा घेताना त्यानं एक हात सायकलच्या सीटवर तसाच ठेवला होता. तिनं हँडल ओढलं, तेव्हा त्यानं तो काढला.

त्या दिवशी ती वेळेच्या आधी दवाखान्यात पोचली. सुलोचनाबाई म्हणाल्या, "भागीरथा, आज काय एसटीनं आलीस का गं?" ती म्हणाली, "नाई बाई, सायकल दुरुस्त झाली."

होळी जवळ आली होती. जिनचा जमादार नत्थूजी बोटाला चिंधी गुंडाळून दवाखान्यात आला. यंत्राच्या पट्ट्यात बोट सापडून नख निघालं होतं. सुलोचनाबाई पट्टी बांधत होत्या आणि भागीरथा भांडं धरून उभी होती. पट्टी झाल्यावर नत्थूजी व्हरांड्यात तिच्याजवळ घुटमळला.

"वहिनी, तुमच्या कानावर आलं का? कायमची नावं सांगितली काल."

ती त्याच्याकडे वळली. "मंग?"

"रूपरावचं नाई घेतलं. मी मालकाले लय बोललो. पण दोन महिने झाले, रोज भोंग्याच्या आधी निघून जाते तो. सगळ्याइच्या आधी. किती दिवस झाकणार मी? इचारलं तर म्हणे, बायकोले सायकल लवकर लागते." नत्थूजीनं बांधलेलं बोट वर धरलं होतं. "तुमाले राग येईल, पण थोडं दम धराले पायजे होतं वहिनी. खोलीच गेली ना हातची."

भागीरथेच्या हातात भांडं होतं, त्यात रक्ताळलेला कापूस. तिला सगळं एकदम दिसलं. सीटवर ठेवलेला हात. मैलाच्या दगडावरचं उत्तराआधीचं थांबणं. चाक लोण्यासारखंच फिरत होतं. जड जात होतं ते त्याच्या छातीला. आणि तिला ते कळू नये म्हणून तो अंधारातच निघत होता, हळूहळू येता यावं म्हणून.

हे नत्थूजीला सांगता आलं असतं. पण छातीनं खचलेला माणूस म्हणून एकदा बोभाटा झाला, की सिंदीतच काय, वर्ध्यापर्यंत कुठल्या जिनमध्ये कोणी उभं केलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "मलेच लागे लवकर. मायीच चुकी झाली."

नत्थूजी मान हलवत गेला. जिनमध्ये त्यानं हे चार जणांना सांगितलं, आणि पुढे पुष्कळ वर्षं सिंदीत बायका असं बोलत, की त्या आयाच्या घाईपायी नवऱ्याची खोली गेली.

संध्याकाळी रूपराव मोरीवर बसला होता. भागीरथा सायकलवरून उतरली, पण तिनं सायकल त्याच्या हातात दिली नाही.

"आज कामावर जाऊ नका."

"काऊन?"

"नत्थूजीचं बोट सापडलं पट्ट्यात. पट्टी बांधाले आलता."

रूपरावनं नाल्याकडे पाहिलं. नाला आटला होता. "मंग तुले समजलंच म्हणा."

"किती दिवसापासून आहे?"

"दिवाळीपासून. चढ आला का श्वासच पुरत नाई. मले वाटलं, हंगाम निभून जाईल. खोली भेटली का मंग सायकल चालवाचं कामच नाई."

"आन् मी येडी, सायकलीले तेल देऊन राह्यली!" तिचा आवाज चिरकला. "छर्रे टाकले मी, नवे!"

रूपराव हसायला लागला. खरंखुरं हसला आणि त्या हसण्यातून खोकला सुरू झाला, तो थांबेना. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली, सडकेवर, उजेडात. खोकला थांबल्यावर तो डोळे पुसून म्हणाला, "पण सायकल खरंच चांगली चालते, भागीरथे."

तिनं सायकलचं तोंड सिंदीकडे फिरवलं. "बसा मागं. डॉक्टर असतील आता."

"बायकोच्या मागं कॅरिअरवर? लोक काय म्हणतील वो?"

"म्हणू द्या."

तो बसला. उंच माणूस, पाय जमिनीला लागत, म्हणून त्यानं ते वर धरून ठेवले. वाटेत सोनबाची गाडी समोरून आली. भागीरथा घामाघूम होऊन पायडल मारत होती आणि रूपरावनं कपाळ तिच्या पाठीला टेकलं होतं. सोनबानं गाडी सडकेच्या खाली उतरवून त्यांना वाट दिली.

डॉक्टरांनी सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं छातीचा फोटो काढला, औषधं दिली, आणि सांगितलं की रुई छातीत उतरली आहे. आता जिनच्या जवळपासही जायचं नाही. औषधानं थोडं बरं वाटेल, पण फुप्फुसं पहिल्यासारखी व्हायची नाहीत.

सायकल आता एकट्या भागीरथेची झाली. घरून बसून निघायचं ते दवाखान्याच्या दारात उतरायचं. मोरी आली की सुरुवातीला तिचे पाय आपोआप थांबत.

पण संध्याकाळी रूपराव तिला घ्यायला येऊ लागला. येण्याचं काही कारण नव्हतं. सायकल त्याला न्यायची नव्हती, कुठे पोचायचं नव्हतं. तरी दिवस कलला की तो काठी घेऊन निघे. मनकर्णाबाई ओरडत, "आरे, ते काय वाट चुकते का? बस ना घरी!" तो म्हणे, "पाय मोकळे करून येतो."

त्या उन्हाळ्यात तो मोरीपर्यंत येत असे. मग दोघं सायकल हातात धरून चालत परत येत. दवाखान्यात कोण आलं, कोणाला मुलगा झाला, सुलोचनाबाई कशा रागावल्या, हे ती सांगे आणि तो ऐके. इतकं सलग बोलणं त्यांच्या लग्नात आधी झालं नव्हतं. पावसाळ्यानंतर तो मोहाच्या झाडापर्यंतच आला. पुढच्या वर्षी मारुतीच्या ठाण्यापर्यंत. मग गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत. तिथं पाण्याला आलेल्या बायका त्याला थारोळ्याच्या दगडी काठावर बसायला जागा करून देत. भागीरथा लांबूनच पाही, आज कुठे आहे ते.

एका संध्याकाळी विहिरीवर तो नव्हता. वेशीत नव्हता. ती घराच्या दाराशी आली, तर तो उंबऱ्यावर बसलेला होता. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, काठी हातात. निघायच्या तयारीनं उठला असावा आणि तिथंच बसला असावा.

"आज लय मागं भेटलो," तो म्हणाला.

"हवा तोंडावर होती," भागीरथा म्हणाली, आणि सायकल भिंतीला लावून त्याच्या शेजारी बसली.

१९७९ सालच्या पोळ्याच्या आधी रूपराव गेला. मनकर्णाबाई त्यानंतर दोन वर्षं होत्या. शेवटी त्यांना दिसत नव्हतं; सुनेचा हात चाचपून त्या विचारत, "जेवली का व माय तू?" सोनबानं बैल विकले आणि तो लेकीकडे आष्टीला गेला. जिन पुढे बंद पडली. नत्थूजीनं स्टेशनाबाहेर पानठेला टाकला. भागीरथेची चूक त्यानं मोठ्या मनानं माफ केली होती, आणि ती दिसली की तो अगत्यानं चहा सांगे. ती तो घेई. सुलोचनाबाईंची आर्वीला बदली झाली, पण जायच्या आधी त्यांनी खटपट करून भागीरथेला दवाखान्यामागचं क्वार्टर मिळवून दिलं. ते १९८५ साल. दोन खोल्या, वेगळी मोरी, ओट्यावर चूल ठेवायला जागा. सायकल तिनं सेलूकडून येणाऱ्या नव्या आयाला दिली.

क्वार्टरमध्ये ती एकटीच राहिली. दवाखान्याचं मागचं दार तिच्या अंगणातच उघडत असे. सकाळी तिचं सगळं आवरून होई, लुगडं नेसून होई, आणि कामाला लागायला अजून पुष्कळ वेळ असे. तेवढ्या वेळाचं काय करायचं, हे तिला रिटायर होईपर्यंत उमगलं नाही. मग ती तशीच आत जाई आणि ज्या रोग्याला बसतं करायला कोणी नसे, त्याच्या पाठीला उशी लावून देई.