मानसिक स्थिती : सामान्य

"भाऊसाहेब, तेवढा एक कागद द्या," पार्वती म्हणाली. "तो तवापासनंच आजारी हाय म्हून लिव्हलेला. वकील म्हनतो, जुना कागद असंल तर कोर्ट इलाजाला धाडंल."

ती अंबाडीहून पहिल्या बसने आली होती. तिचा मुलगा रघू चौदा वर्षांचा असताना चोरीच्या गुन्ह्यात भिवंडीच्या या रिमांड होममध्ये आला आणि दोन वर्षं राहिला. आता तो बावीसचा होता. मागच्या महिन्यात राहनाळच्या एका गोदामात वॉचमन दत्तूने त्याला अडवलं, तेव्हा त्याने दत्तूचा उजवा हात शटरखाली धरला आणि शटर खाली आपटलं. दोनदा. हात मनगटापासून काढावा लागला.

चिंतामणी इथले जुने कारकून. फाइलमध्ये काय आहे हे त्यांना न उघडताच माहीत होतं, तरी त्यांनी ती कपाटातून काढली. आठ तिमाही अहवाल. आठही त्यांनीच टाइप केलेले. 'मानसिक स्थिती : सामान्य. वर्तन : समाधानकारक.' तपासणीला येणारे डॉक्टर एकाही मुलाला समोर न बोलावता चहा घेत गठ्ठ्यावर सह्या करून जायचे.

त्या दिवसांतला रघू त्यांना स्वच्छ आठवत होता. कानात आवाज येतात म्हणून चिंध्यांचे बोळे कोंबून बसायचा. कपड्यांसकट तासन् तास नळाखाली उभा राहायचा. एकदा रक्त येईपर्यंत भिंतीवर डोकं आपटलं, तेव्हा चिंतामणी त्या वेळच्या अधीक्षकांकडे गेले होते.

"ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायचं म्हणजे पोलीस मागवा, परवानग्या घ्या," अधीक्षक म्हणाले होते. "सामान्य टाका आणि मोकळे व्हा."

त्यांनी टाकलं. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. आपण दोन वाट्या श्रीखंड खाल्लं होतं, हेही आता आठवलं.

"कागद आहे," ते पार्वतीला म्हणाले, "पण उलटा आहे. ठणठणीत होता म्हणून लिहिलंय."

"कुनी लिव्हलं?"

"मी."

ती पिशवी उचलून बसला निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तारखेच्या दिवशी ते कोर्टात गेले. रघू बाहेरच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये बसला होता. अंगाने चांगला भरला होता.

"ओळखलंस का रे?"

"टाइपवाले भाऊसाहेब ना? पहचाना."

"दत्तूचा हात गेला. माहितीय का तुला?"

रघू हसला. "त्याचा आवाज ऐकायला पाहिजे होता तुम्ही. मुर्गी जैसा. परत तसाच येतो का बघायला दुसऱ्यांदा खेचलं."

एक पोलीसही हसला. चिंतामणी कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन ओकले. तोंड धुताना वाटलं, सडू दे याला आत. असल्यासाठी खरं सांगून आपण आपली नोकरी घालवायची? घरी बायकोने, सुमतीने, सकाळीच बजावलं होतं, "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमचं. गप्प बसा." पण किळस येत होती ती या बावीस वर्षांच्या माणसाची. कानात बोळे कोंबून बसलेल्या पोराने त्यांचं काय केलं होतं? आणि अंगाला शर्ट चिकटावा तशी स्वतःची किळस चिकटली होती, तिचं काय करायचं?

त्यांनी वकिलाकडे प्रतिज्ञापत्र करून दिलं : अहवाल खोटे आहेत, मुलाला एकाही डॉक्टरने तपासलं नाही, मला सर्व माहीत होतं. आठवड्याच्या आत निलंबनाचा आदेश हातात पडला. कचेरीतल्या माणसांनी चहाला हाक मारणं सोडलं.

कोर्टाने रघूला तपासणीसाठी मनोविकारतज्ज्ञ डॉ. रीमा यांच्याकडे पाठवलं. साक्ष संपल्यावर व्हरांड्यात त्या चिंतामणींना म्हणाल्या, "तेव्हा तो आजारी होता, यात मला शंका नाही. कदाचित गोळ्यांनी, बोलण्याने सावरलाही असता. आता आवाज येत नाहीत त्याला. जे उरलंय त्याला समाजविघातक व्यक्तिमत्त्व म्हणतात. दुसऱ्याला दुखतं, हे त्याला कळतं. फक्त काही वाटत नाही. कायद्याने तो वेडा ठरत नाही."

म्हणजे खरं सांगूनही उपयोग झाला नाही. दहा वर्षांची शिक्षा झाली. रघूने निकाल ऐकता ऐकता जांभई दिली. पार्वती पदराने डोळे न पुसता तशीच उठली आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागली.

त्यानंतरच्या सोमवारी चिंतामणी राहनाळला दत्तूच्या खोलीवर गेले. दत्तू बाहेर पडायच्या तयारीत उभा होता. कुठल्याशा गोदामात गेटवर बसून गाड्यांचे नंबर सांगायचं काम होतं, विचारायला निघाला होता. चिंतामणींनी आपण कोण ते सांगितलं, काय टाइप केलं तेही सांगितलं.

दत्तूने सगळं ऐकून घेतलं.

"तवा लिव्हलं असतं तर माजा हात ऱ्हायला असता?"

"राहिला असता, कदाचित."

"मंग आता कशाला आलाव?"

चिंतामणी उंबऱ्याशीच उभे राहिले. दत्तू डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावू पाहत होता, ते काजातून पुन्हा पुन्हा निसटत होतं. त्याची बायको पाण्याला गेली होती.

"येवढं लावा," शेवटी तो म्हणाला.

चिंतामणी पुढे झाले. दत्तूने हनुवटी वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता रस्त्याकडे पाहत, बटण लागेपर्यंत ताठ उभा राहिला.