‘बिलगणे’ शिकवताना

बालवर्गाच्या बाई रोज एक नवा शब्द शिकवत. आधी हातवारे, मग गप्पा. त्या दिवशीचा शब्द होता ‘बिलगणे’. मुलांनी जोड्या करून तो करून दाखवायचा होता. एक मूल आजारी होतं, त्यामुळे वर्गात सगळे जिला गोटी म्हणत ती मुलगी एकटी उरली. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

गोटीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. बाईंचे हात मात्र अर्ध्यावरच राहिले.

"बाई, असं नाही," गोटी म्हणाली. "माझ्या पाठीवर हात ठेवा. आणि लगेच सोडायचं नसतं."

बाईंनी तसं केलं. नवरा गेल्यापासून त्यांना कोणी इतकं जवळ घेतलं नव्हतं.

मग गप्पा सुरू झाल्या. कोण कोणाला बिलगतं? कोणी आजीला म्हणालं, कोणी बाबांना. एक मुलगा मांजराला बिलगायला जायचा, पण ते पळून जायचं.

"आणि तुम्ही?" गोटीने विचारलं.

मुलांशी खोटं बोलणं बाईंना जमत नसे. "मी उशीला," त्या म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. "उशी चालते," मांजरवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती पळत नाही."

शाळा सुटल्यावर फाटकापाशी गोटी आईला सांगत होती, "आज बाईंना शब्द येत नव्हता. मी शिकवला."

आई ओशाळली.

"खरंय ते," बाई म्हणाल्या आणि रिकाम्या वर्गातल्या खुर्च्या नीट लावायला परत गेल्या. घरी जायची त्यांना घाई नव्हती.